रानबदके : शिकारीच्या कथा आणि स्वयंपाकघर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय वाचून काहींनी नाक मुरडले असेल, तर काहींच्या तोंडाला पाणी सुटले असेल. दोन्ही पक्षांचा मान राखून मी बोलणार आहे.

बदकांच्या शिकारीचे नाव निघाले की भरतपूर आठवतेच. पानिपतानंतर आपल्या जखमी, उपाशी माणसांना आसरा देणाऱ्या सूरजमल जाटाचे हे राज्य. शहराजवळ केवलादेवाच्या देवळाभोवती सखल, पाणथळ जमीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तेथे बांध घातले, पाट काढले आणि अजान बंधाऱ्याचे पाणी आत खेळवले. हेतू एकच, की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके तेथे उतरावीत आणि पाहुण्यांनी ती टिपावीत. १९०२ साली लॉर्ड कर्झन आले. त्या वेळी १७ बंदुकांनी ५४० पक्षी पाडले. पुढे आकडे फुगत गेले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ३९ बंदुका होत्या आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. देवळाजवळच्या शिळांवर हे सारे कोरलेले आहे. विजयस्तंभ म्हणून ते दगड उभारले. आज तेच साक्षीदार म्हणून उभे आहेत. जखमी होऊन लव्हाळ्यांत शिरलेली आणि तेथेच मेलेली बदके मात्र कोणी मोजली असतील?

शिकारकथांचा थाट ठरलेला असतो. पहाटेचे धुके, गुडघाभर गार पाणी, श्वास रोखून बसलेला शिकारी, आणि एकाएकी डोक्यावरून सळसळत गेलेला थवा. या कथांतला खलनायक बहुधा चक्रवाक असे. संस्कृत कवींनी त्याला रात्रीच्या विरहाने व्याकूळ केले. शिकाऱ्यांना मात्र तो चहाडखोर वाटे. माणसाची चाहूल लागताच तो ओरडतो आणि सारे तळे उठवतो. त्यातून मांसही बेचव. त्यामुळे त्याला शिव्याच अधिक मिळाल्या.

आता स्वयंपाकघराकडे वळू. रानबदक आणि पाळीव बदक यांचा गुण निराळा. हजारो मैल उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीचे मांस गर्द तांबडे व घट्ट असते, चरबी बेताची. शिवाय बदक जे खाते त्याचा वास त्याच्या मांसाला लागतो. शेतातले धान्य आणि पाणगवताचे बी टिपणारे तलवार बदक खवय्यांना प्रिय होते. चिखल गाळून किडेमकोडे खाणारा थापट्या फारसा कोणाला नको असे. म्हणून जाणता आचारी कातडीसकट चरबी काढून टाकी, शेपटीजवळची तेलाची गाठ न विसरता कापी, आणि मांस मिठाच्या पाण्यात किंवा दह्यात मुरत ठेवी. साहेबाच्या मेजावर ते कडक विस्तवावर भाजून आत लालसर ठेवलेले येई. आपल्याकडे लसूण, मिरची, गरम मसाला घालून मंद आचेवर गळेपर्यंत शिजे. दोन्हीकडे एक सूचना समान होती : सावकाश चावा, शिशाचा छर्रा दाताखाली येईल!

हे सारे मी भूतकाळात सांगतो, याला कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौसेची शिकारही संपली. भरतपूरचे शिकारीचे तळे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. डॉ. सालिम अली आणि मुंबईची बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळी घातली. त्यांतली काही थेट सायबेरियात सापडली, तेव्हा हे पाहुणे किती दूरचे, ते निश्चित कळले. मारण्यासाठी बांधलेले पाणीच शेवटी त्यांना तारक ठरले. पण सर्वांनाच नव्हे : तेथे येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर पुन्हा दिसलेले नाहीत. आलेला पाहुणा पुढच्या वर्षी येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण तळी आणि खाजणे असलेल्या मुलखात राहतात. हिवाळ्यात कोणी गुपचूप रानबदक दाराशी आणून देतो. ‘एकदा चाखून तर पाहा’ म्हणतो. ते घेऊ नये. तो गुन्हा आहेच, शिवाय पुष्कळदा असे पक्षी कीटकनाशक कालवलेले दाणे घालून मारलेले असतात. ते विष आपल्याच पानात येते. खवय्यांची त्यामुळे उपासमार होणार नाही. आसामात कोहळा घालून केलेले, बंगालात थंडीच्या दिवसांत रांधलेले, केरळात कुट्टनाडच्या पद्धतीने मिरी घालून परतलेले पाळीव बदक आहेच. ज्या प्रांताचे मीठ आपण खातो त्याची ही पाककला आपल्या गृहिणींनी शेजारणींकडून अवश्य शिकावी.

आपणही पोटासाठी दूर देशी आलेली माणसे आहोत. नव्या मुलखात उतरणाऱ्याला पहिल्या दिवशी काय हवे असते, ते आपल्याला कोणी सांगायला नको. शिकारीच्या कथा मुलांना जरूर सांगा, त्या शिळांवरचे आकडेही सांगा. आणि नंतर त्यांना जवळच्या तळ्यावर घेऊन जा. हळदीकुंकू बदक चोचीच्या रंगांवरून कसे ओळखावे, हे त्यांना एकदा कळले की पुढचे तळेच शिकवील.