मॉरिशसमधील नवखे मजूर

लासलगावच्या शिवारात विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, त्याचा धाकटा भाऊ हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर आहे. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, मॉरिशसचा जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षांचा. परंतु भूगर्भातील एकाच अग्निस्थानातून दोन्ही उद्भवले, असे शास्त्रज्ञ मानतात.

१८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांत हिंदी मजूर करारावर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसे पुष्कळ होती. लावणीपूर्वी शेतातले दगड उपसावे लागत; त्यांचे रचलेले प्रचंड ढीग अद्यापि दिसतात. काम असे अपरंपार, पण बेट पाहण्याची मोकळीक नसे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्यालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. असल्या माणसास ‘मुक्त’ म्हणणे ही भाषेची थट्टाच होय!

डोंगरातील ज्वालामुखीच्या मुखात साचलेल्या ग्राँ बासँ सरोवराला पुढे हिंदी वस्तीने गंगा तलाव मानले. महाशिवरात्रीस लोक खांद्यावर कावड घेऊन तेथे पायी जातात.