सिमेंट भरल्यानंतरचा मणका



आपल्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, वृद्ध रुग्णांचे नातेवाईक आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात. "आईच्या मणक्यात सिमेंट भरले, ती उठून बसू लागली, मग पाठीत पुन्हा कळ का आली?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात. जन्मभर वाकून कापूस वेचलेली एखादी आजी न्हाणीत घसरते, किंवा एस.टी.च्या मागच्या बाकावर तिला खड्ड्याचा हिसका बसतो आणि मणका चेपला जातो. बहुतेकांना वेदनाशामके, थोडी विश्रांती आणि पट्टा यांनी काही आठवड्यांत आराम पडतो. ज्यांची वेदना असह्य राहते, अशा निवडक रुग्णांच्या मणक्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने सुईवाटे बोन सिमेंट सोडतात. हे घरबांधणीचे सिमेंट नव्हे. हा अ‍ॅक्रिलिक जातीचा पदार्थ असून तो काही मिनिटांत कडक होतो. मणक्यावरील या उपचाराचा आरंभ १९८४ साली फ्रान्समध्ये झाला.

चेपलेल्या मणक्याच्या वरच्या वा खालच्या पृष्ठाला तडा गेलेला असेल, तर पातळ सिमेंट त्यातून दोन मणक्यांमधील गादीत उतरू शकते. पुष्कळदा रुग्णाला त्या वेळी काहीच जाणवत नाही. गळती केवळ चित्रात दिसते. परंतु हादरा झेलणे हे गादीचे काम. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे जल राजराजेश्वरास आणणारे शिवभक्त हे जाणतात. कावडीचा बांबू लवतो, म्हणून खांदा टिकतो; त्याजागी लोखंडी पहार घेतली, तर प्रत्येक पावलाचा हिसका थेट खांद्यावर बसेल. गादीत कडक गोळा बसला की शेजारच्या मणक्याचे तसेच होऊ शकते. शिवाय प्रौढपणी गादीचे पोषण मणक्याच्या पृष्ठातून झिरपत येते. ती वाट अडली, तर गादी लवकर झिजण्याचा संभव असतो.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात, गळती झालेल्या गादीलगतचे ५८ टक्के मणके पुढे मोडल्याचे आढळले. गळती नसलेल्या ठिकाणी हे प्रमाण १२ टक्के होते. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही. ठिसूळ हाडांच्या रुग्णाचा दुसरा मणका सिमेंटवाचूनही मोडू शकतो. उपचाराविषयीही मतभेद आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेले रुग्ण आणि केवळ तसा आभास केलेले रुग्ण यांच्यात विशेष फरक आढळला नाही; २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतील तीव्र वेदनेच्या रुग्णांना लाभ दिसला.

म्हणून घाई नको. सिमेंट भरण्यापूर्वी मणक्याचा क्षय किंवा कर्करोग नाही, याची खात्री झालीच पाहिजे. सिमेंट पुरेसे दाट झाल्यावर, सावकाश आणि बेताने सोडावे. ते बाहेर सरकताना दिसताच थांबावे. आप्तजनांना विनंती की, नवी कळ उठल्यास "वयाची दुखणी" म्हणून घरी बसू नये. पायांत बळ कमी झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

देणगीदारांपाशी एक मागणे आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाला हात पुढे येतात, कारण तिचे फळ लगेच दिसते. परंतु कॅल्शियम, जीवनसत्त्व ड, हाडे बळकट करणारी औषधे आणि नियमित तपासणी वर्षानुवर्षे चालवावी लागते. सिमेंट एका मणक्याला आधार देते. उरलेल्या पाठीचे रक्षण या पाठपुराव्याने होते. आपल्या दानाचा काही भाग त्यासाठी राखून ठेवावा. आजी एकदा उठून बसली, एवढ्यावर आपले काम संपत नाही. ती पुन्हा अंथरुणाला खिळू नये, ही जबाबदारीही आपलीच आहे.