कुंपणाची उंची

(तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



काल रात्री जेवताना तुमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, उद्या तुम्ही झाडांवर बोलणार म्हणे?" झाडांवर नाही, कुंपणावर. सल्ला केंद्राच्या वहीत शेजाऱ्यांच्या भांडणापुढे आपण 'किरकोळ' असा शेरा मारतो. मीही मारायची. एम.एस.डब्ल्यू. करताना तंटे कसे सोडवावेत यावर मी पानंच्या पानं लिहिली, पण त्यात कुंपण कुठे नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक मावशी केंद्रात आल्या. निवृत्त नर्स, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन परगावी. चौदा वर्षांपूर्वी फंडाच्या पैशातून त्यांनी प्लॉटवर घर बांधलेलं. शेजारच्या बंगल्याने हद्दीला सुरूची रांग लावली होती. सुरू नियमित छाटला तर दाट, सुरेख कुंपण होतं. सोडून दिला तर त्याची झाडं होतात. तीन वर्षं कैची लागली नव्हती आणि कुंपण अकरा फुटांवर गेलं होतं. मावशींच्या अंगणात ऊन येईना. कुरडया वाळेनात, धुण्याला कुबट वास, पायऱ्यांवर शेवाळ. त्यावर घसरून त्यांचं मनगट मोडलं. सोसायटीच्या चेअरमननी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकट्या बाईने एवढं ताणू नये." हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे.

आधी कायदा बघितला. इंग्लंडात 2003 च्या एका कायद्याने दोन मीटरहून उंच, सदाहरित कुंपणाबद्दल नगरपालिकेकडे तक्रार करता येते; मात्र आधी शेजाऱ्याशी बोलून पाहिलंत का, हे विचारलं जातं. आपल्याकडे असा खास कायदा नाही. आपल्याकडे 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. घराच्या खिडकीला वीस वर्षं विनाअडथळा उजेड मिळत असेल तर त्यावर हक्क सांगता येतो. मावशींचं घर चौदा वर्षांचं! शिवाय हा हक्क इमारतीच्या उजेडाचा. अंगणातल्या उन्हाचा नव्हे. म्हणजे कुरडया या कायद्यात बसत नाहीत. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटता येतात, पण पलीकडची उंची कमी करता येत नाही. आणि शहरात कुऱ्हाड उचलण्याआधी 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते का, हेही विचारावं लागतं.

याच 1882 च्या कायद्यात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं कलम आहे. तिथे उदाहरण दिलंय ते असं: शेजाऱ्याच्या खाजगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी उघडायची नाही, अशी एखाद्या गावची रूढी. 1888 साली अलाहाबाद हायकोर्टाने पडद्यातल्या बायकांसाठी असा हक्क मान्यही केला होता. आडोसा बाईच्या नावाने मागायचा ही आपली जुनी रीत. तो तिला हवा आहे का, हे विचारायची रीत मात्र नाही.

मीही विचारलं नाही. शेजारी गेले, घरमालकाशी बोलले. ते म्हणाले, "समोर पोरांचा अड्डा असतो. घरात सून आहे." पटण्यासारखंच होतं. तीन बैठका झाल्या, सात फुटांवर तडजोड ठरली, कागद झाला. सही मावशींची आणि त्यांची. सून चहा घेऊन आली आणि गेली. मी कागद पिशवीत घालून खुशीत घरी!

आठवड्याने मावशीच परत आल्या. म्हणाल्या, "सात फूट झालं तरी ती मला दिसायची नाही." मग हळूहळू सांगितलं. पूर्वी कुंपण कमरेएवढं होतं तेव्हा पलीकडे आवाज चढला की मावशी ओट्यावरून हाक मारायच्या, "काय गं, दूध उतू गेलं का?" तेवढ्याने हात थांबायचा. एकदा सुनेच्या नवऱ्याने ही हाक ओळखली. त्यानंतर माळी यायचा बंद झाला.

तीन महिने मी उन्हाबद्दल बोलत होते. मावशीही उन्हाबद्दलच बोलत होत्या, कारण दुसरं बोललं तर त्या मुलीला मार पडेल ही भीती. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे शेजारीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवलं तर तिच्यावर दावा लावता येत नाही. हे मावशींना माहीत नव्हतं. निवृत्त नर्स, म्हणजे शिकलेली बाई.

सुनेला आम्ही बाजाराच्या दिवशी भेटलो. तक्रार करायची नाही, म्हणाली. अजून तरी नाही. मग काय हवं? तिने हिशेब तयार ठेवला होता. रस्त्याच्या बाजूला कुंपण उंच राहू दे, पोरांचा त्रास खरा आहे. धुण्याच्या दगडासमोर मात्र चार फूट हवं. हे तिच्या नावावर मागायचं नाही, मावशींच्या कुरडयांच्या नावावर मागायचं.

तसंच मागितलं. सासरे कुरकुरले. मग तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला न देता मोफत वकील मिळतो, हे लक्षात ठेवा. लोकअदालतीची नोटीस आली तेव्हा ते नमले. तिथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो, आपल्या पिशवीतल्या कागदासारखा नव्हे.

माळीबुवांनी एक अडचण काढली. सुरू एकदम जुन्या लाकडापर्यंत कापला तर पुन्हा नीट फुटत नाही, वाळतो. म्हणून अकराचे आठ, आठाचे सहा, असं टप्प्याटप्प्याने चाललं आहे. मागच्या पावसाळ्याआधी सहावर आलं. मावशी ओट्यावर पाट ठेवून त्यावर उभ्या राहतात. मनगट अजून दुखतं, तरी.

सुनेने आमच्या केंद्राचा नंबर पाठ केलाय, लिहून घेतलेला नाही. पुढची छाटणी मे महिन्यात आहे. त्या दिवशी आमच्यातल्या दोघी मावशींकडे कुरडया घालायला जाणार आहोत.