दिसायला सारखे, पण एक नव्हे

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचेही काही नियम असतात, आपल्याकडच्या म्हणींसारखे. एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हा त्यातला प्रसिद्ध नियम. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या 1999 च्या पुस्तकामुळे तो सर्वतोमुखी झाला.

त्याचे महत्त्व मला जालन्याच्या मोंढ्यात कळले. एका आडत दुकानासाठी मी हिशोबपट्टीचा प्रोग्राम लिहिला होता. हमालीचा दर त्यात चार ठिकाणी लिहिलेला. दर बदलला तेव्हा तीन ठिकाणी दुरुस्त केला, चौथे राहून गेले. शेतकऱ्याची पट्टी आणि दुकानाची खातेवही यांचा मेळ बसेना. मग दर एकाच जागी ठेवला आणि कटकट मिटली.

त्यामुळे माझा हुरूप वाढला. भुसार आणि मोसंबी, दोन्हींची हमाली तेव्हा क्विंटलमागे सारखीच होती. मी दोन्हींचा दर एकच करून टाकला. पुढे भुसाराची हमाली दोन रुपयांनी वाढली. मी आकडा बदलला आणि निर्धास्त झालो.

दोन दिवसांनी एक वयस्कर बागाईतदार पट्टी घेऊन आले. त्यांची 40 क्विंटल मोसंबी होती. बोटांवर हिशेब करून म्हणाले, "भाऊ, हमाली वाढली भुसाराची. माझ्या मोसंबीचे 80 रुपये कशापायी कापले?" मी निरुत्तर झालो. त्यांचे पैसे लगेच परत दिले. पण त्यांच्याआधी कितीतरी जण पट्टी न तपासताच गावी गेले होते. त्यांना शोधून पैसे पोचवायला आठवडा लागला.

मग नियम चुकीचा होता का? नाही. एक माहिती एका जागी असावी, एवढेच तो सांगतो. मी मात्र योगायोगाने सारखे असलेले दोन आकडे एकच समजलो होतो.

साधेपणाच्या नियमाचेही तसेच. उद्याची गरज आज लिहीत बसू नये, हे खरे. पण जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले गेले आणि 2000 साल उजाडण्यापूर्वी जगभर ती दुरुस्ती करत बसावे लागले.

आता दोन गोष्टी एकत्र करण्याआधी मी स्वतःला विचारतो, यातली एक बदलली तर दुसरी बदललीच पाहिजे का? याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी मोंढ्यात जाऊन हमालाला, मापाड्याला आणि शेतकऱ्याला विचारावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)