उंबराचे फूल आणि जीवांचे नाते



क्वचित दर्शन देणाऱ्या व्यक्तीला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. वस्तुतः उंबराला फुले विपुल येतात. फक्त ती बाहेर उमलत नाहीत. लोक ज्याला उंबराचे फळ समजतात, तो आतून असंख्य सूक्ष्म फुलांनी मढलेला एक बंद पेला असतो. त्याच्या टोकाच्या बारीक छिद्रातून गांधीलमाशीच्या कुळातील, मुंगीहूनही लहान अशी एक कीटकमादी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंखही तुटून पडतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण ती फुलांवर पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. काही आठवड्यांनी नवी पिढी जन्मते. बिनपंखी नर फळाची भिंत पोखरून वाट करतात आणि पराग घेतलेल्या माद्या त्या वाटेने बाहेर पडतात. बाहेरच्या जगातील त्यांचे आयुष्य अवघे एक-दोन दिवसांचे असते.

या कीटकावाचून उंबराला बीज नाही आणि उंबरावाचून या कीटकाला संतती नाही. अशा नात्याला शास्त्रात सहोपकारी सहजीवन म्हणतात. श्रावकाचारात पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे. वड, पिंपळ, उंबर आदी ते वृक्ष वनस्पतिशास्त्राने ‘फायकस’ या एकाच प्रजातीत गणले आहेत. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात ही फळे त्रसजीवांची घरे आहेत हे ओळखणाऱ्या दृष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

जीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली ‘इकॉलॉजी’ हे नाव दिले. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे माती, पाणी, हवा मिळून होणाऱ्या एकसंध व्यवस्थेसाठी आर्थर टान्स्ली यांनी १९३५ साली ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था हा शब्द योजला. ही परिसंस्था समजण्यासाठी दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. एक उंबर पुरेसा आहे.

सूर्यप्रकाशात अन्न तयार करणारी उंबराची पाने हे उत्पादक. फळांवर येणारे तांबट, कोकीळ, वटवाघळे आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हे भक्षक. फळातून बाहेर पडणाऱ्या कीटकांना टिपणाऱ्या मुंग्या ही अन्नसाखळीची पुढची कडी. खाली पडलेली फळे आणि पाने कुजवणाऱ्या बुरशी, जिवाणू, वाळवी हे विघटक. त्यांच्यामुळे झाडाने मातीतून घेतलेली द्रव्ये पुन्हा मातीत जातात. द्रव्यांचे असे चक्र फिरते, ऊर्जेचे मात्र नाही. रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली मांडलेल्या विचारानुसार अन्नसाखळीच्या एका पायरीवरील ऊर्जेचा स्थूलमानाने दहावा हिस्साच पुढच्या पायरीला मिळतो. म्हणूनच माळावर गवत उदंड, नाकतोडे त्या मानाने थोडे, त्यांना खाणारे पक्षी त्याहून थोडे आणि त्या पक्ष्यांवर जगणारा शिकरा एखादाच दिसतो.

उंबराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याची सर्व झाडे एकाच ऋतूत फळत नाहीत. इतर झाडे रिकामी असतात त्या दिवसांतही कोठे तरी एखादा उंबर लगडलेला असतो आणि पाखरांचा कठीण काळ निभावतो. कमानीच्या माथ्यावरील दगड काढला की सारी कमान ढासळते. तसे स्थान असलेल्या जीवाला ‘कळीची जाती’ म्हणतात. मात्र एका झाडावरील फळे बहुधा एकाच वेळी पक्व होत असल्याने बाहेर पडलेल्या कीटकमादीला अंडी घालण्यासाठी दुसरे झाड गाठावे लागते, तेही एक-दोन दिवसांत. एकेक उंबर तुटत गेला की ही वाट लांबत जाते.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी असलेल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला त्यात ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आहे आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे लावण्याचे बंधन घातले आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु पन्नास गुलमोहर लावले, तरी एका उंबराची उणीव भरून निघत नाही. मूळचा मादागास्करचा गुलमोहर सावली देईल. हरियलाला फळ आणि त्या इवल्या कीटकाला घर देऊ शकणार नाही. रोपांची संख्या मोजता येते. झाडाभोवती जुळलेली नाती पुन्हा जुळायला एक पिढी लागते.

उदुंबर फळ न खाणे हा अहिंसेचा एक भाग झाला. ते झाड उभे राहू देणे हा तिचा दुसरा भाग होय. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया मंदिराच्या भिंतींच्या फटींत रुजतात. वास्तूच्या रक्षणासाठी ती रोपे काढावीच लागतात. मात्र ती कोवळी असतानाच, पावसाळ्याच्या प्रारंभी, मुळांसह अलगद काढून मोकळ्या जागेत लावता येतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या जागेत, शाळेच्या आवारात आणि गावाच्या ओढ्याकाठी अशी काही रोपे लागली आणि वाढेपर्यंत त्यांना पाणी मिळाले, तर संस्था शताब्दी साजरी करील तेव्हा त्यांच्या फांद्यांवर हरियल उतरलेले असतील.