परदेशाचा दरवाजा आणि आपली मुले



आपल्या सायखेड्याला परदेश नवा नाही. इथल्या उपबाजारात लिलाव झालेला कांदा आखातात जातो. निफाड तालुक्याची द्राक्षे हॉलंडच्या दुकानांत विकली जातात. कामासाठी दुबईला किंवा सौदीला गेलेला एखादा माणूस आपणा प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. म्हणजे माल जातो, मजूर जातो. पण शिकणारे एखादे पोर परक्या देशातल्या कुटुंबात राहिले, तिथल्या शाळेत बसले, आपले सांगून आणि त्यांचे ऐकून परत आले, असे वाचकहो, आपण किती वेळा पाहिले आहे? युवक-विनिमय म्हणतात तो हाच.

पैसा नाही म्हणून मुले जात नाहीत, असे उत्तर आपण चटकन द्याल. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. काही योजनांत पैसा लागतच नाही. राष्ट्रीय छात्र सेनेचे छात्र प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरातून निवडले जाऊन सरकारी खर्चाने परदेशी गेले आहेत. मात्र त्यासाठी शाळेत छात्र सेनेची तुकडी असावी लागते. अमेरिकेने 2002 साली, आदल्या वर्षीच्या हल्ल्यांनंतर, मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या देशांतील शाळकरी मुलांसाठी केनेडी-लुगार नावाची योजना काढली. भारताचाही तीत समावेश झाला. वर्षभराचे शिक्षण, विमानप्रवास, कुटुंबात राहणे, सारे मोफत. आपल्याच समाजाची मुले डोळ्यांपुढे ठेवून निघालेली ही योजना आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आली?

रोटरीच्या विनिमयात तिकडची कुटुंबे मुलाला ठेवून घेतात, पण विमानाचे तिकीट व विमा बहुधा पालकांनी भरायचा असतो. शिवाय तिकडचे मूल आपल्या घरी ठेवण्याची अपेक्षाही पुष्कळ ठिकाणी असते. आपल्याकडे पाहुणचार कधी कमी पडणार नाही. कमी पडते ती खोली. दोन खोल्यांत सात माणसे राहतात, तिथे परक्या मुलीला झोपवायचे कुठे? तिकिटासाठी एखादा दाता मिळेलही, खोलीसाठी कुठला?

पुढे व्हिसा. बँकेचे काही महिन्यांचे उतारे, प्राप्तिकराचे कागद मागतात. हमालीचा पैसा रोखीत येतो आणि संध्याकाळपर्यंत रोखीतच जातो. त्याचा उतारा कुठून आणणार? त्यात नावाचा घोळ. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. दाखल्यावर मोहम्मद पूर्ण, आधारवर त्याचा संक्षेप, शिधापत्रिकेवर भलतेच. मुलगा एकच, पण कागदावर तीन मुलगे उभे राहतात.

मुलींच्या बाबतीत अम्मीचे प्रश्न निराळे असतात. कुणाच्या घरी राहणार, हलालचे काय, नमाजाला जागा मिळेल का? हे मागासलेपणाचे प्रश्न म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. चांगल्या योजनांच्या अर्जात आहार आणि धर्म यांविषयी विचारलेले असते. विचारले तर उत्तर मिळते, पण विचारायला जाणार कोण?

इथे मला माझेच एक सांगितले पाहिजे. मी शिक्षक असताना अशाच एका पूर्ण खर्चाच्या योजनेचे पत्रक शाळेत आले होते. मी ते वरवर वाचले, 'आपल्या पोरांना कुठले परवडणार' असे मनाशी म्हटले आणि टेबलाच्या खणात टाकले. त्या वर्षी माझ्या वर्गात एका हमालाची मुलगी होती. तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा बरे होते, हे मी आज कबूल करतो. निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा ते पत्रक सापडले आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचले. खर्च काही नव्हता. पुढे एका लग्नात ती भेटली, कडेवर मूल होते. मी तिला सारे सांगितले. ती म्हणाली, "सर, अब्बांनी नाही म्हटलं असतं कदाचित. पण मला विचारायचं तरी होतं." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून मला केळुस्कर गुरुजी वारंवार आठवतात. कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी मुंबईच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा हेरला, त्याला पुस्तके दिली. पुढे पैशाअभावी त्याचे कॉलेज अडले, तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांपुढे नेले. महिना 25 रुपये मिळू लागले. 1913 साली त्याच बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन तो मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. डॉ. आंबेडकरांची बुद्धी त्यांची स्वतःची, पैसा महाराजांचा. पण महाराजांचे दार कुठे आहे हे ठाऊक असणारा आणि मुलाला बरोबर घेऊन जाणारा माणूस मध्ये होता. शहरातल्या मोठ्या शाळांत हे काम पगारी माणसे करतात. आपल्याकडे ते कुणाचेच नाही.

म्हणून संस्थेपुढे माझे मागणे लहान आहे. एक नोंदवही ठेवावी. आलेले प्रत्येक पत्रक फलकावर लावावे आणि वर्गात मोठ्याने वाचावे. पासपोर्टची फी, नाशिकचे हेलपाटे, प्रतिज्ञापत्रे अशा किरकोळ खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला काढावी. हजार-दीड हजारांपायी घरे मागे फिरतात.

आणि वाचकहो, आपणही एक करा. मुलाचा शाळेचा दाखला आणि आधार कार्ड आज रात्री शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर ताडून पाहा. फरक निघाला तर सोमवारी संस्थेच्या कार्यालयात या. दहा ते बारा मी तिथे बसलेला असतो.