मंडळी कशासाठी?



ख्रिस्ती धर्मात चर्चचे प्रयोजन काय, हा विषय चालकांनी सुचविला तेव्हा आम्ही हात जोडले. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि पंडित तर मुळीच नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. चालक म्हणाले, "तीस वर्षे तुम्ही संघटना बांधता. माणसे एकत्र कशासाठी येतात, याचा तुम्ही काही विचार केला असेलच की!" केला होता, परंतु तो आमच्या डोक्यातून निघालेला नव्हे. तो एका झाडूवाल्याने करावयास लावला. ती हकिगत आधी सांगतो.

एका कारखान्यात आम्ही वेतनकरार केला. चांगला करार होता, फटाके वाजले. रात्री पेढे वाटीत असताना हे गृहस्थ कोपऱ्यात उभे होते. त्यांना सारे काका म्हणत. ते ठेकेदाराचे कामगार. करारात ठेकेदाराच्या माणसांसाठी एक ओळसुद्धा नव्हती. आम्ही म्हटले, "काका, पुढच्या खेपेस तुमचे पाहू." काका म्हणाले, "भाऊ, आमची पाळी सुटेपर्यंत तुमचे जेवण उरकते, हे नवे नाही. करिंथातही तेच झाले होते." करिंथ म्हणजे काय हे आम्हांला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या कराराचे जुने पुस्तक आणून हाती दिले. 'नवा करार' हे नाव वाचून आम्ही वरमलो, हे कबूल करतो.

करिंथ हे ग्रीसमधले व्यापारी शहर. दोन बाजूंना दोन समुद्र, दोन बंदरे. मधल्या चिंचोळ्या भूमीवरून माल आणि होड्यासुद्धा ओढून नेत. म्हणजे हमालांचे आणि गुलामांचे गाव. ख्रिस्ताच्या मरणानंतर पुरती तीस वर्षेही लोटली नव्हती तेव्हा तेथे विश्वासणाऱ्यांचा एक मेळा जमत असे. प्रभूचे स्मरण म्हणून सारे एकत्र जेवत. परंतु ज्यांना सवड होती ते लवकर येत आणि आपले आणलेले खाऊन मोकळे होत; काहींना तर पिऊन झिंग चढे. गरीब उपाशी राहत. राबणारा माणूस उशिरा पोचत असणार, हे सांगावयास विद्वान कशाला हवा? पौलाने त्यांना पत्र लिहून झाडले. तुम्ही करता ते प्रभूचे भोजन नव्हेच, एकमेकांसाठी थांबा, असा त्याचा भावार्थ. लगेच पुढे तो शरीराचा दृष्टांत देतो. तुम्ही सारे मिळून ख्रिस्ताचे शरीर आहात. डोळ्याने हाताला 'तुझी गरज नाही' म्हणून चालणार नाही, आणि जो अवयव दुबळा दिसतो तोच अधिक लागतो.

चर्चचे प्रयोजन आम्हांला येथे सापडले. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे हे वर्गणी काढून उभारलेले मंडळ नव्हे. ख्रिस्त मेला, उठला आणि पित्याकडे गेला. त्याचे काम जगात ज्या हातापायांनी चालावयाचे ते हे शरीर. उपासना, सुवार्ता, सेवा ही त्याची कामे. यांतले कोणते आधी, अधिकार कोणाचा, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शतकानुशतके भांडले. तो वाद आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. परंतु कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली चर्चचे वर्णन करताना देवाची प्रजा हा शब्द पुढे आणला. इमारत आणि पाद्री यांच्या आधी माणसे आली.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शब्दातच मिळालेले आहे. त्याच्या बायबलात 'मंडळी' हा शब्द आहे. मंडळी म्हणजे घरची माणसे, पंगतीला बसलेले लोक. जुन्या वळणाचे गृहस्थ तर पत्नीलाही 'आमची मंडळी' म्हणत. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया. दवंडी पिटून बोलावलेल्या नागरिकांच्या सभेचे ते नाव. अथेन्सच्या त्या सभेत गुलामाला, स्त्रीला, परक्याला जागा नव्हती. ख्रिस्ताच्या अनुयायांनी नाव तेच ठेवले आणि आत या तिघांनाही बसविले.

आता आपल्या गावाकडे येऊ. कागदोपत्री ते आता अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी अजून नगरच बसलेले आहे. अमेरिकन मराठी मिशन येथे १८३१ साली आले, आणि दोन वर्षांत मंडळी स्थापन झाली. आरंभीच्या सभासदांत गरीबखान्यातली माणसे होती. पुढे ब्राह्मण आले, आणि खेड्यांतून महार-मांग मोठ्या संख्येने आले. ज्या गावात महाराची सावलीही टाळीत, त्या गावात एक भाकर मोडून सर्वांनी खावयाची होती! मिस फॅरार यांची मुलींची शाळा, १८४२ साली निघालेले 'ज्ञानोदय', दुष्काळातली कामे, हे सारे आपण अभिमानाने सांगतो. आमच्या मते त्या सर्वांहून ती भाकर अवघड होती.

आणि ती पुरती पचली असे म्हणवत नाही. मिशनांनी मुलूख वाटून घेतले, आणि मंडळ्यांतही पूर्वाश्रमीची जात सोयरिकीच्या वेळी डोके वर काढीत राहिली. बाहेरच्या जगाने तर निराळाच न्याय केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. म्हणजे गावकीत त्याची जात शिल्लक, कचेरीत ती नाहीशी! काकांच्या मुलाला शिकताना हे भोगावे लागले.

मंडळीचे हे अपुरेपण ना. वा. टिळकांना फार सलले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले. लक्ष्मीबाई आल्या त्या आरंभी सोवळ्याने वेगळा स्वयंपाक करीत, आणि १९०० साली राहुरीस त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मिशनची सेवा पुष्कळ वर्षे केली. परंतु १९१७ साली पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारा तो आपला, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. अनेक ख्रिस्ती बांधवांना हे रुचले नाही. बाप्तिस्म्याची वेसच काढली तर मंडळी राहील कोठे, ही त्यांची शंका पोकळ नव्हती. संघटना बांधणारा माणूस ती शंका हसण्यावारी नेणार नाही. पावती न फाडणाऱ्याला सभासद कसे म्हणावे, हा आमचा रोजचा प्रश्न. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार रुजण्याआधीच पोरका झाला.

आम्ही एकदा काकांना विचारले, "काका, तुमच्या मंडळीतही मानाची बाके आहेत, गटबाजी आहे, मालमत्तेची भांडणे कोर्टात आहेत. टिळकांसारखे बाहेर का पडत नाही? दर रविवारी जाता कशाला?" काका जरा वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मागल्या पावसाळ्यात मी तापाने पडलो. दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या दिवशी घरी माणसे आली. त्यांत एकजण असा होता, की पाण्याच्या नळावरून आमचे वर्षभर बोलणे नव्हते. त्याने डबा आणला होता. तुमच्या युनियनचाही माणूस आला, भाऊ. दोन महिन्यांची वर्गणी थकली होती, पावतीपुस्तक घेऊन आला."

ते खरे होते. त्या माणसाला आम्हीच पाठविले होते.